बांडगुळावरची अळी

हल्ली कोणीही उठतो, मोबाइलवर अळीचा फोटो काढतो, गटावर टाकतो आणि चहा निवायच्या आत तिला नाव मिळालेलं असतं. मी प्राणिशास्त्राचा निवृत्त मास्तर, म्हणून मलाही अशा एका गटात घेऊन ठेवलंय. परवा एकानं असाच फोटो टाकला. मी विचारलं, "कोणत्या झाडावर होती?" उत्तर आलं, "सर, गमल्याच्या काठावर." म्हणजे कुंडीच्या. मी लिहिलं, "मग गमला खात होती का?" लोकांनी हसरे चेहरे पाठवले. त्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. मी गंमत करत नव्हतो, मला संताप आला होता. आणि ते वाक्यही माझं नव्हतं. ते माझ्या एका घरमालकांचं होतं.

त्यांचं नाव इथे लिहीत नाही. एका कागदावर त्यांचं नाव एकदा त्यांना न विचारता लिहिलं गेलं होतं, त्याचं काय झालं ते पुढे येईलच. मोहल्ल्यात सगळे त्यांना चेकरसाब म्हणत. मी काका म्हणायचो. इंदूरला परदेशीपुऱ्यात त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं आणि गच्चीवर एक पत्र्याची खोली, ती मी भाड्यानं घेतली होती. एका कॉलेजात तासांवर शिकवत होतो आणि एम.फिल. करत होतो. विषय होता मानपूरच्या घाटातल्या अळ्या आणि त्यांची खाद्य-झाडं. काका मिलमध्ये कापड तपासायचे, आणि मिलला कुलूप लागून तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

खोली बघायला गेलो त्या दिवशी त्यांनी मला काही विचारलंच नाही. सरळ माझ्या शर्टाची कड चिमटीत धरली, खिशातून एक पितळी घडीचं भिंग काढलं, ते कडेवर उभं केलं आणि डोळा लावून ओठांतल्या ओठांत मोजू लागले. कापडाच्या एका इंचात किती धागे बसतात ते मोजायचं ते भिंग होतं. मी हात वर करून उभा, जणू झडती चालली होती.

"कितीला घेतला?"

मी सांगितलं.

"फसवलं भिया तुम्हाला," ते म्हणाले. "आणि इथे बघा, काजाच्या खाली एक धागा डबल गेलाय. उलटी बाजू पाहिली होती घेताना?"

"नाही."

"नाही म्हणाले, हे बरं केलं. पाहिली म्हणाले असते तर खोली नसती दिली."

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, पाव्हण्याला बसायला तरी सांगा! आधीच कपडे कशाला उतरवताय त्याचे?"

काकू बालवाडीत काम करायच्या आणि घर त्यांच्यावर चालायचं. त्यांच्या जिभेला धार होती, पण काकांच्या कामाच्या वेळेत त्या त्यांना हाक मारायच्या नाहीत. काम म्हणजे काय, तर उत्तरेकडच्या खिडकीला त्यांनी एक फळी तिरकी ठोकली होती, मिलच्या तपासणीच्या टेबलासारखी. कापड उत्तरेच्या उजेडातच बघायचं, बाकी उजेड खोटं बोलतो, असं ते म्हणत. त्या फळीशी ते सकाळी आठ ते चार बसत. मोहल्ल्यातल्या बाया नव्या साड्या दाखवायला आणायच्या आणि तोंड पाडून परत जायच्या, कारण काकांना प्रत्येक साडीत काहीतरी सापडायचंच.

सापडलं की ते तिथे लाल धाग्याची गाठ मारत. मिलची पद्धत होती ती. थानात, म्हणजे कापडाच्या ताग्यात, खोट दिसली की तिच्या रेषेत, कापडाच्या किनारीला, सुईनं लाल धागा ओवून गाठ मारायची. कापड फाडायचं नाही, आरडाओरडा करायचा नाही, नुसती गाठ मारायची आणि थान पुढे सरकवायचं. पुढच्या माणसाला कळतं की इथे थांबून बघायचंय. आता थानं नव्हती, तेव्हा काका जगाला गाठी मारत सुटले होते. दूधवाल्याच्या मापाला एक गाठ होती. गल्लीतल्या वाकलेल्या विजेच्या खांबाला एक होती. मिलच्या भिंतीवर रंगीत टीव्हीची भलीमोठी जाहिरात रंगवली होती, 'नया ज़माना आया है' अशी. तिच्या खाली एक खिळा ठोकून काकांनी तिथेही लाल धागा बांधून ठेवला होता. एकदा पोळी करपली तेव्हा त्यांचा हात खिशाकडे गेला होता. काकू म्हणाल्या, "बांधा, बांधा. उद्यापासून दोरेच खा." हात परत आला.

लोक हसायचे. मीही हसलोय, खोटं कशाला बोलू? पण रोज सकाळी सातला हा माणूस मिलच्या बंद दारापाशी जाऊन तासभर का बसतो, हे कळल्यावर माझं हसू गेलं.

मिल बंद व्हायच्या आदल्या वर्षी चादरींची एक मोठी ऑर्डर होती. सूत हलकं आलं होतं, माग जुने झालेले, थानागणिक खोट. काकांनी गाठींवर गाठी मारल्या, इतक्या की किनार लालच दिसायला लागली, आणि पास करायला साफ नकार दिला. थान पुरतं उलगडून, दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय त्यांनी कधी सही केली नव्हती, आणि पाहून झाल्यावर या मालावर करायची नव्हती. मॅनेजर म्हणाला, ठीक आहे. दुपारच्या सुट्टीत कोणाला तरी बसवून त्या सगळ्या गाठी कात्रीनं कापून टाकल्या. तपासणीच्या चिठ्ठीवर काकांचं नाव दुसऱ्याच कोणी लिहिलं आणि माल रवाना झाला. तो परत आला, येणारच होता. मग नोटीस-बोर्डावर कागद लागला की चेकरच्या हलगर्जीपणामुळे माल नापास झाला. वर्षाच्या आत मिलला टाळं लागलं. मिल काय एका ऑर्डरीनं बुडते? वरच्यांनी वर्षानुवर्षं पोखरलेली गिरणी ती, तिला बुडायला निमित्त हवं होतं. पण ज्यांच्या चुली थंड झाल्या त्यांना धरायला एक माणूस हाताशी लागला. अर्धं चेष्टेत, अर्धं खरं म्हणून ते काकांना तोंडावर म्हणायचे, "चेकरसाब, मिल तो आपने ही बिठाई."

काकांचं म्हणणं एवढंच होतं की परत आलेल्या चादरी आत गोदामात पडल्यात. किनारीत कापलेल्या धाग्यांची टोकं अजून असतील. कोणीतरी दार उघडावं आणि उजेडात धरून बघावं. त्यासाठी ते रोज दाराशी जात. राखणदार त्यांना बिडी देई आणि म्हणे, "चाबी मेरे पास कां है, चेकरसाब?" मी राहायला आलो त्या वर्षी पावसाळ्याआधी भंगारवाल्यांचे ट्रक आले. माग गेले, कपाटं गेली, आणि चादरी चिंध्यांच्या भावात गेल्या. काकांनी ट्रक जाताना पाहिला. घरी येऊन ते मला म्हणाले, "वीतभर तुकडा कापून ठेवायला हवा होता तेव्हा. चोरी झाली असती, पण हातात काही राहिलं असतं."

असा माणूस. आणि त्याच्या घरात मी एक अळी घेऊन आलो.

मानपूरच्या पुढे रस्त्याच्या कडेला एक आंबा होता. त्याच्या खालच्या फांदीवर, पानांवर, मला दोन अळ्या दिसल्या, आणि दिसल्या तेव्हा मी जागीच बसलो. अशी अळी मी पाहिली नव्हती. हिरवीगार, बोटाएवढी, दोन्ही अंगांना पिसांसारखे हिरवे काटे पसरलेले आणि पाठीवर ओळीनं लालसर तांबडे शंकरपाळे. एम.फिल.ला मला मार्गदर्शक असलेल्या सरांचा नियम होता, 'पहले बोतल, फिर किताब'. म्हणजे आधी मारून औषधात टाका, ओळखायचं नंतर. त्याप्रमाणे एक मी फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकली. दुसरी मात्र जिवंत आणली, कारण औषधाची बाटली एकच होती, तीही लहान. शास्त्र असं चालतं.

काकांनी ती पाहिली आणि हातातली साडी खाली ठेवली. भिंग काढलं. पाठीवरचे शंकरपाळे मोजले, काटे मोजले, अळीच्या भोवती फिरत तिला सगळ्या बाजूंनी पाहिलं.

"किनार आहे हिला," ते म्हणाले. "आणि बूट्या विणीतल्या आहेत, छापील नाहीत. नाव काय?"

"तेच शोधायचंय. आंब्यावर मिळाली. आंब्यावर एक अशी काटेवाली अळी असते, पुस्तकात आहे. तीच असेल."

"असेल म्हणजे? आंबा खाताना पाहिलं?"

"पानावर बसली होती ना काका. मी स्वतः पाहिलं."

"मी दीड वर्ष मिलच्या गेटवर बसतोय," काका म्हणाले. "मग मी काय गेट खातो?"

काकू आतून हसल्या. मला राग आला. मी एम.एस्सी. झालेला माणूस, आणि हा मला शिकवतोय! मी आंब्याची कोवळी पानं आणून एका रिकाम्या बाटलीत अळीसोबत घातली. अळीनं ढुंकून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी मध्यम पानं घातली, संध्याकाळी जून घातली. ती काठाकाठानं फिरत राहिली, डोकं इकडेतिकडे करत, आणि बारीक दिसायला लागली. काका दर दोन तासांनी येऊन बघायचे. तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी माझं दार वाजवलं. अंगात मिलचा खाकी शर्ट, खांद्याला पिशवी, पिशवीत डबा. त्या सकाळी ते मिलच्या दाराशी गेले नाहीत.

"चला. मला ते झाड दाखवा."

सरवटे स्टँडवरून बस धरली. महू आलं तेव्हा त्यांनी खिडकीतून बोट दाखवलं, "तिकडे लाइनीत आमचे वडील होते, फौजेत. दर रविवारी आम्हां पोरांचं सगळं सामान खाटेवर मांडायला लावायचे आणि उलटंपालटं करून बघायचे. मी म्हणायचो, बाबा, कालच धुतलंय. म्हणायचे, सांगू नको, दाखव."

झाडाखाली मी उभा राहून खालच्या फांद्या बघायला लागलो. काका मात्र मागे मागे सरकत पार रस्त्यापलीकडे गेले आणि तिथून सगळं झाड एकदम बघू लागले. थान लांबून बघतात तसं, हे मला नंतर कळलं. शेजारच्या मळ्यातला एक म्हातारा येऊन उभा राहिला.

"कांई ढूंढी रिया हो, बाउजी?"

"इल्ली," काकांनी अळीला त्याच्याच बोलीतला शब्द वापरला.

"इल्ली सारू इंदौर से आया?" म्हाताऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू निदान मी शुद्धीवर असेन अशी त्याला आशा होती.

"भिया," काकांनी मला हाक मारली, "ते वर बघा. एका फांदीचा हिरवा रंग वेगळा आहे. शेड जुळत नाही."

मी पाहिलं. आंब्याच्या वरच्या फांदीवर बांडगूळ होतं. जाड, फिकट पानांचा झुबकाच, आंब्याच्या अंगावर वाढलेला. मी त्याच झाडाखाली दोनदा बसून डबा खाल्ला होता आणि मला ते दिसलं नव्हतं. म्हाताऱ्याकडून आंबे उतरवायचा झेला मागून घेतला आणि त्या झुबक्याची एक डहाळी खाली ओढली. पानं काठानं कुरतडलेली होती, आणि एका पानावर, बरोब्बर मधल्या शिरेवर, आमच्या अळीची बहीण बसली होती आणि खात होती. खालच्या दोघी तिथून घसरून आंब्याच्या पानांवर आल्या असणार.

घरी येऊन बांडगुळाचं पान बाटलीत ठेवलं. अळीनं डोकं लावलं आणि कडेनं खायला सुरुवात केली. काकांनी मला तिथेच उभं केलं. "बघा. पूर्ण बघा. नंतर कोणी विचारलं तर म्हणता आलं पाहिजे." पान संपेपर्यंत आम्ही दोघं उभे होतो, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तुम्ही म्हणाल, एका अळीनं पान खाल्लं त्यात रडण्यासारखं काय? ज्याचं खरं दीड वर्ष कोणी ऐकलं नाही, त्याला विचारा.

पुढे सहा-सात दिवस तिनं खाल्लं, मग पानाखाली स्वतःला उलटं टांगून घेतलं आणि कोष झाला, हिरवा, कोनाकोनांचा. काका मला पुस्तक उघडू देईनात. "थान घडीत असताना नाव नाही द्यायचं. उलगडू द्या." तो उलगडला सकाळी आठच्या सुमाराला, खिडकीच्या फळीवर, उत्तरेच्या उजेडात. फुलपाखरू बाहेर आलं तेव्हा ओल्या चिंधीसारखं होतं. मग पंख भरत गेले, ताणले गेले. काळपट, त्यावर हिरवी झाक, आणि त्या झाकेवर लालभडक ठिपके. काकांनी वरची बाजू पाहिली, वाकून खालची पाहिली, आणि मग मला म्हणाले, "आता काढा पुस्तक."

पुस्तकात ते होतं. आंब्यावरच्या काटेरी अळीचं फुलपाखरू तपकिरी, साधं. हे त्याच कुळातलं दुसरं, आणि त्याच्यासमोर लिहिलेलं, अळी बांडगुळावर वाढते. आमच्या भागातून त्याची नोंद तोवर मी वाचलेली नव्हती.

"झालं," काका म्हणाले. "नाव इंग्रज ठेवो नाहीतर कोणी ठेवो, मला त्याच्याशी मतलब नाही. पण तुमच्या वहीत तो झाडाचा रकाना आहे ना, तिथे बांडगूळ लिहा. जे बघितलं ते कागदावर एकदा तसंच्या तसं आलेलं मला बघायचंय. बस, एवढंच."

मग ते बराच वेळ फुलपाखराकडे बघत बसले आणि म्हणाले, "हा सोडला तर तुमचे सर मानतील?"

मी म्हटलं, "नाही मानणार."

"मग ठेवा. तुकडा हातात पाहिजे." ते उठून बाहेर गेले. ज्या माणसानं त्याच्या ताज्या पानांसाठी दर दुसऱ्या दिवशी बसनं मानपूर केलं होतं, त्यानं मला ते मारायला सांगितलं. मी मारलं, टाचणीवर लावलं आणि पेटीत ठेवलं.

आता सर. सरांचंही नाव लिहीत नाही, पण त्याचं कारण वेगळं आहे. त्यांची मुलं मला आजही लग्नाची पत्रिका पाठवतात. सर आमचेच, मराठी, नावाजलेले, पांढरा सफारी घालणारे. त्यांच्या टेबलावर माझी फॉर्मॅलिनमधली अळी होती. महिन्याभरात तिचा रंग उतरून ती मेणासारखी पिवळट झाली होती. शंकरपाळ्यांचा पत्ता नव्हता. बाटलीवर त्यांच्या हातची चिठ्ठी, आंब्यावरच्या अळीचं नाव आणि खाली 'आंबा'. मी पेटी पुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. काका म्हणाले होते तेही सांगितलं, की रंग उडालेल्या कापडावरून मूळ रंग कोणी सांगू नये.

"कोण म्हणालं हे?"

"माझे घरमालक, सर. मिलमध्ये कापड तपासायचे. त्यांनीच झाड शोधलं आणि अळी वाढवली."

सरांनी पेटी उघडून पाहिली. माणूस हुशार होता, चूक त्यांना त्या क्षणी कळली, मी त्यांच्या चेहऱ्यावर ती कळताना पाहिली. मग त्यांनी विचारलं, "आडनाव काय त्यांचं?"

अळी आंबा खाते की बांडगूळ, हे ठरवायला आडनाव कशाला लागतं? हे मी तेव्हा विचारायला हवं होतं. मी आडनाव सांगितलं, आणि पुढे विचारलं तसं बाकीचंही. महूची फौज, परदेशीपुरा, आणि वर ते आडनाव. सरांचा जातीचा हिशेब झाला. त्यांनी पेटीचं झाकण लावलं, ती खिडकीच्या कट्ट्यावर सरकवली आणि हसले. "म्हणजे आता मिलवाले आपल्याला जूलॉजी शिकवणार. अरे यार, माझ्या पेपरात ही अळी आंब्यावर म्हणून छापायला गेलीय. तुमच्या प्रबंधातल्या तक्त्यात बांडगूळ आलं तर कसं दिसेल? एक ओळ आहे. कोण वाचतंय?"

मी पेटी तिथेच ठेवून बाहेर आलो. तासांवरची नोकरी सरांच्या शब्दावर होती, लग्न ठरत होतं, आणि मला भीती वाटत होती. ही कारणं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितली, आता सांगत नाही. मी भित्रा होतो, एवढंच. माझ्या प्रबंधात त्या ओळीत मी आंबा लिहिलं. प्रबंधाच्या सुरुवातीला 'ही सर्व माहिती माझ्या प्रत्यक्ष निरीक्षणावर आधारित आहे' असं प्रतिज्ञापत्र असतं. त्याखाली सही केली. माझी स्वतःची, माझ्याच हातानं. काकांच्या नावानं दुसऱ्यानं खोटं लिहिलं तेव्हा निदान त्यांना ठाऊक तरी नव्हतं. आणि ती पेटी? तिथेच कट्ट्यावर राहिली. पावसाळ्यानंतर मी उघडली तर टाचणी होती आणि खाली भुकटी. मुंग्यांनी काम केलं होतं.

बांधलेला प्रबंध घेऊन मी घरी आलो तेव्हा काकूंनी त्याला कुंकू लावलं. मी सटकत होतो, पण काकांनी हात पुढे केला. "दाखवा."

त्यांनी तो खिडकीच्या फळीवर ठेवला आणि पहिल्या पानापासून पान न् पान उलटलं. इंग्रजी त्यांना मिलच्या फॉर्मांपुरतं येई. ते माझ्या तक्त्यांच्या ओळींवरून बोट फिरवत होते आणि मी दारात उभा होतो, पळूनही जात नव्हतो. आमच्या अळीच्या तारखेशी बोट थांबलं. त्यांनी भिंग काढलं. तिथे 'मँगो' लिहिलेलं होतं, आणि तेवढं वाचायला त्यांचं इंग्रजी पुरत होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं. पान उलटून मागची बाजू पाहिली. मग प्रतिज्ञापत्राचं पान पाहिलं, माझी सही पाहिली.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शर्टाच्या आतून सुई काढली, लाल धागा ओवला, त्या ओळीच्या रेषेत पानाच्या कडेला भोक पाडलं आणि गाठ मारली. दातानं धागा तोडला. प्रबंध मिटून माझ्याकडे सरकवला, जसं थान पुढे सरकवायचे.

"तुमच्यावर कोणी जबरदस्ती केली का, भिया?"

"नाही," मी म्हणालो.

"नाही म्हणाले, हे बरं केलं," काका म्हणाले आणि काकूंना चहा ठेवायला सांगितला.

चहा मलाही दिला. माझ्या कपाचा कानही माझ्याकडे करून दिला, नेहमीसारखा. त्या दिवशी मी त्यांच्या घरात चहा पिऊ शकलो याचा मला आजही संताप येतो. पुढे वर्षभर मी तिथेच राहिलो. ते कधी त्या अळीबद्दल बोलले नाहीत, आणि फळीवर पुन्हा कधी बाटली ठेवली नाही. मिलच्या दाराशी मात्र जात राहिले, आत काहीही उरलेलं नसताना. लग्न होऊन मी दुसरीकडे राहायला गेलो. काही वर्षांनी ते गेल्याचं मला कोणा तिसऱ्याच माणसाकडून कळलं, तेही महिन्यानं. काकू भावाकडे निघून गेल्या होत्या. मी आयुष्यभर वर्गात पोरांना विचारत आलो, 'झाड कोणतं? खाताना पाहिलं का?' कडक मास्तर म्हणून माझं नाव झालं. कोणाच्या जिवावर, ते मी कोणाला सांगितलं नाही.

काल, त्या गमल्यावरच्या अळीचा राग डोक्यात असतानाच, मी बायकोच्या डब्यातून सुई आणि लाल दोरा घेतला आणि कॉलेजच्या ग्रंथालयात गेलो. माझ्याकडच्या प्रतीत काकांची गाठ आहे, तिथल्या प्रतीत नव्हती. कपाटाच्या तळातून प्रबंध काढून दिला तेव्हा त्यावर धूळ होती, आणि मागच्या खिशातलं कार्ड कोरं. सर म्हणाले होते ते खरंच होतं, कोणी वाचलं नव्हतं. एक माणूस सोडून. मी खिडकीशी बसलो, ती ओळ काढली आणि सुई लावली.

"सर, ये क्या कर रहे हो आप?" ग्रंथपाल मुलगी धावत आली. "पन्ना फाड़ रहे हो?"

"फाड़ नहीं रहा, बेटा. इसमें खोट है. निशान लगा रहा हूं."

"पर ऐसे थोड़ी ना लगाते हैं! और लिखा किसने है ये?"

मी प्रतिज्ञापत्राचं पान उघडून सहीवर बोट ठेवलं. "मैंने."

तिनं सही वाचली, मग माझ्याकडे पाहिलं आणि समोरची खुर्ची ओढून बसली. "तो सही क्या है, सर?"

मी बांडगूळ सांगितलं. मग ते कोणी शोधलं, ते तिनं न विचारताच सांगितलं. आधी नाव सांगितलं, मग आडनाव.